टाकी चौकाचं काम

सकाळी दुकान उघडायला गेले, तर आमच्या कट्ट्यावर एक अनोळखी माणूस उकिडवा बसून गेरूने लाल रेघ मारत होता.

रेघ अगदी सरळ होती. आधी मी ती पाहिली, मग माणूस. आकाशी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कपाळावर बारीकशी आठी आणि सगळं लक्ष त्या ब्रशच्या टोकावर... जणू दारात रांगोळीच घालतोय. माझ्या हातात पाण्याची बादली होती. कट्टा धुतल्याशिवाय मी कधी शटर वर करत नसे. फार विचार केला नाही. बादली ओतली.

रेघ वाहून गेली. थोडी त्याच्या पँटवरही गेली.

तो उठला. पँटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"परत मारावी लागणार," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"मारा की. मी परत धुतो."

चिडले की माझ्या तोंडून असंच निघतं. आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, आणि त्यावरून पुण्याच्या मावशीकडे माझी टिंगल होते. हा मात्र हसला नाही. म्हणजे... हसला, पण फक्त डोळ्यांनी.

"चालेल," तो म्हणाला. "तुम्ही धुवा, मी मारतो. पावसाळ्यापर्यंत मी इथंच आहे."

त्याने खरोखरच पुन्हा रेघ मारली, तितकीच सरळ, आणि गेरूचा डबा उचलून शेजारच्या दुकानाकडे गेला. जाता जाता एकदा मागे वळून बघितलं. मी रिकामी बादली घेऊन तशीच उभी होते.

ही दोन हजार तीनच्या डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापूर शहर पूर्वेला संपता संपता आमचं मोरेमळा नावाचं उपनगर लागतं. त्याच्या मधोमध पाण्याची उंच टाकी, म्हणून तो टाकी चौक. आणि चौकात आमची 'चौगुले दूध डेअरी'. मी क्रांती चौगुले. बी.कॉम. झाले त्याच वर्षी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. आई त्याआधीच गेलेली. तेव्हापासून डेअरी मीच बघत होते.

आणि चौक? चौक म्हणजे नुसती कोंडी. उसाच्या ट्रॉल्या, वडापच्या खचाखच भरलेल्या जीपगाड्या, रिक्षा, शाळेची पोरं, सगळे एकाच वाटेने. गटारं उघडी. भाजीवाल्या बायका त्याच गटाराच्या काठावर पोती टाकून बसायच्या. दुकानदारांनी आपापले कट्टे आणि पायऱ्या पुढे काढत रस्ता निम्मा खाल्लेला, आणि सगळ्यात पुढे आलेला कट्टा आमचा. आता महापालिकेने रस्ता मोठा करायचं ठरवलं होतं. झाकलेली गटारं, दोन्ही बाजूंना फुटपाथ, दिवे, रिक्षा थांबा. ते काम बघायला आलेला नवा इंजिनिअर म्हणजे हा रेघवाला. नाव प्रसेनजीत कांबळे, गाव मलकापूर.

मला रस्ता नको होता असं नाही. पण त्या लाल रेघेच्या पलीकडे, म्हणजे जे तोडायचं होतं त्या भागात, आण्णांची खुर्ची होती.

आण्णांची उजवी बाजू अधू झालेली. दुकानाला तीन उंच पायऱ्या. रोज सकाळी मी आणि शेजारचे सयाजी काका दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर चढवायचो आणि संध्याकाळी तसंच उतरवायचो. मधला सगळा दिवस आण्णा कट्ट्यावर बसून असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, शाळेतून येणाऱ्या पोरांना थांबवून पाढे विचारायचे, ट्रॉलीवाल्यांना शिव्या द्यायच्या. तेवढंच त्यांचं जग उरलं होतं, आणि कुणीतरी त्यावर गेरूचा ब्रश फिरवत होतं.

दुकानदारांची बैठक तालमीच्या हॉलमध्ये भरली. सयाजी काकांचं आमच्या शेजारी हार्डवेअरचं दुकान. आण्णांचे ते चुलत भाऊ, आणि व्यापाऱ्यांचे पुढारीही. त्यांनी सुरुवातीलाच आवाज चढवला. प्रसेनजीत ऐकत राहिला. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तो उठला, पण बोलायच्या आधी मागे दाराशी गेला. तिथे भाजीवाल्या बायका घोळक्याने उभ्या होत्या. कुणी त्यांना आत बोलावलंच नव्हतं.

"आक्का, पुढं येऊन बसा," तो त्यातल्या थोराड विठाबाईला म्हणाला. "चौकात सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच असता."

विठाबाई पदर सावरत पहिल्या रांगेत येऊन बसली. "आमास्नी उठवणार न्हवं तुमी, सायब?"

"उठवणार. चार महिन्यांसाठी. मग टाकीच्या भिंतीला लागून तुमचा ओटा बांधणार, नळासकट. नकाशात आहे. हे बघा."

त्याने नकाशा जमिनीवर पसरला आणि स्वतः गुडघे टेकून तिला तिची जागा बोटाने दाखवली. मी मागून बघत होते. खरं सांगायचं तर मी भांडायला गेले होते, चांगली तयारी करून. पण त्या जमिनीवर वाकलेल्या पाठीकडे बघताना मी निम्मी वाक्यं विसरून गेले.

जानेवारीत खोदाई सुरू झाली.

लोक म्हणतात, धूळ आणि खडखडाट यात प्रेम कसं होतं. मला विचाराल तर तिथेच होतं. फुलांच्या बागेत माणूस सगळ्यांशी गोडच बोलतो. उन्हात, खड्ड्याच्या काठावर, चारही बाजूंनी लोक ओरडत असताना तो कसा बोलतो, हे मी रोज काउंटरमागून बघत होते.

पाण्याची लाईन बंद करायची असली की आदल्या दिवशी तो घरोघरी सांगून यायचा. माणूस पाठवला असता तरी चाललं असतं, पण स्वतः यायचा. प्रत्येक दारापुढच्या चरावर फळ्या टाकून घ्यायचा, बांबूचा कठडा बांधून घ्यायचा आणि पहिल्यांदा त्यावरून आपण चालून बघायचा. मुकादमावर एकदा तो चिडलेला मी पाहिला, तेही हळू आवाजात. शाळेसमोरची फळी हलत होती म्हणून. "तुमची मुलगी असती तर चालवली असती का ह्यावरून?" एवढंच. मुकादम संध्याकाळपर्यंत त्या फळीशीच बसून होता.

दुपारी तो आमच्याकडे ताक प्यायला येऊ लागला.

"ताक जरा आंबट आहे आज," एकदा तो म्हणाला.

"तुमचा रस्ता रोज खड्ड्यात असतो. मी काही बोलले का?"

"रस्ता मेपर्यंत नीट होईल. ताकाचं काय?"

"ताक उद्याच नीट होईल. आम्ही सरकारी नाही."

तो हसला. या वेळी पूर्ण हसला, आणि मी उगीचच ग्लास पुसायला वळले. पुसलेलाच ग्लास होता तो.

आण्णा कट्ट्यावरून सगळं बघायचे. प्रसेनजीत जाताना त्यांना नमस्कार करायचा, ते तोंड फिरवायचे. तरी तो रोज करायचा.

एका दुपारी मी त्याला विचारलं, "प्रत्येक फळीवरून स्वतः कशाला चालून बघता?"

"माझी आई रत्नागिरी रस्त्यावर खडी फोडायला होती. रोजगार हमीवर. मी शेजारी झाडाखाली असायचो. मोठ्या गाड्या जवळून जायच्या... ती हातोडा मारता मारता सारखी माझ्याकडे बघायची. रस्त्याचं काम म्हटलं की मला ते बघणं आठवतं. चालणाऱ्याकडे कुणीतरी लक्ष ठेवलं पाहिजे."

मी त्याच्या ताकात आणखी थोडं आलं किसून घातलं फक्त.

फेब्रुवारी संपत आला तशी खोदाई आमच्या दुकानापाशी पोचली. पलीकडच्या ओळीतले कट्टे निघाले होते, पण आमच्या ओळीत कुणीच हात लावू देईना. सगळे आमच्याकडे बोट दाखवायचे. आधी चौगुल्यांचा काढा, मग आमचा.

सयाजी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "क्रांते, तू हलू नको. बापाचं दुखणं पुढं कर. आजाऱ्याच्या खुर्चीखालचा कट्टा कोण तोडत न्हाय. तुझा ऱ्हायला की आमचा बी ऱ्हायला."

मला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं. दुपारी प्रसेनजीत आला तेव्हा मी ताकाचा ग्लास पुढे सरकवत विचारलं, "आमचा कट्टा... सोडता येणार नाही?"

त्याने ग्लास उचलला नाही.

"येईल. रेघ थोडी वळवता येते. तेवढा अधिकार मला आहे. पण मग टाकीच्या बाजूने जागा घ्यावी लागेल, म्हणजे विठाबाईंचा ओटा जाईल. मला वळवायची नाही."

"मग येईल असं सांगितलंत कशाला? नाही जमत म्हणायचं. तुम्ही सुटला असतात."

"तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं."

बाहेर काँक्रीटचा मिक्सर खडखडत होता. तो नजर खाली वळवून म्हणाला, "एक विचारू? आण्णा शेवटचं स्वतःहून बाहेर कधी चालले?"

"ते घरात काठी घेऊन चालतात. पण पायऱ्या उतरता येत नाहीत."

"हो ना. म्हणजे त्यांना पायांनी नाही अडवलं, पायऱ्यांनी अडवलंय." तो मला हाताला धरून बाहेर नेणार होता बहुतेक. हात पुढे आला, मध्येच थांबला, आणि मग त्याच हाताने त्याने मला पुढे येण्याची खूण केली. बाहेर येऊन त्याने दाखवलं. रेघेच्या आतला कट्टा तुमचाच राहतो. त्यातल्या पायऱ्या काढून दुकानाच्या लांबीने हळूहळू उतरणारा उतार करता येईल. तो थेट फुटपाथला मिळेल. फुटपाथ टाकीपर्यंत एकसलग असेल, मध्ये कुठे पायरी नाही, खड्डा नाही. "काठी टेकत माणूस टाकीपर्यंत जाईल. तेवढं अंतर मी चालून बघितलंय. एक पाय ओढत."

मी ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. भर चौकात, मजुरांच्या देखत, हा माणूस एक पाय ओढत चालतोय. कुणाच्या तरी बापासाठी, जो त्याच्या नमस्काराला उत्तरसुद्धा देत नाही.

रात्रभर मी आण्णांशी बोलायचा प्रयत्न केला. ते एकच म्हणाले, "माझी जागा काढू नको, पोरी."

सकाळी मी त्यांना दुकानात आत बसवलं, पदर खोचला आणि मुकादमाकडून घण मागून घेतला. पहिला घाव नीट बसलाच नाही, मनगटात कळ गेली. दुसऱ्याला शहाबादी फरशीचा कोपरा उडाला. चौक थांबून बघायला लागला. सयाजी काका दुकानातून धावत आले. "क्रांते, डोकं फिरलंय व्हय तुझं?" मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

प्रसेनजीत कुठून तरी आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याने घण माझ्या हातातून काढून घेतला नाही. फक्त म्हणाला, "पाय जरा लांब ठेवा. दगड उडतो."

दुपारपर्यंत कट्टा गेला. संध्याकाळी आमच्याच ओळीतल्या बेकरीवाल्याने आपणहून आपल्या पायऱ्या काढल्या, आणि त्या आठवड्यात सगळी ओळ सरळ झाली. सयाजी काकांची पायरी सगळ्यात शेवटी निघाली.

आण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. दुकानात फ्रिजच्या बाजूला अंधारात बसून राहायचे. उतार तयार झाला, त्याला बाजूने लोखंडी कठडाही लावला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुकानात चढवायला पूर्वीसारखं दोघांनी धरावं लागायचं नाही, तरी ते माझ्या खांद्याला धरून, डोळे मिटल्यासारखे करून वर यायचे. मी माझ्याच हाताने बापाचा दिवस हिरावून घेतला असं मला वाटायचं. प्रसेनजीतला मी ते सांगितलं नाही, पण त्याला कळत होतं. तो ताक पिऊन झालं तरी जरा जास्त वेळ थांबू लागला.

गटारावर झाकणं बसायच्या आधी एक दिवस तो दारात येऊन म्हणाला, "एक बादली पाणी मिळेल?"

"कशाला?"

"उतार बरोबर आलाय का बघायचंय. आणि बादली ओतण्यात तुमचा हात चांगला आहे."

मी नव्या गटारात पाणी ओतलं. ते आधी थबकलं, मग चकाकत, वळण घेत टाकीच्या दिशेने धावत सुटलं. तो त्याच्या कडेकडेने चालत गेला, आणि त्याच्या मागे मी. दोघंही एका बादलीभर पाण्याच्या मागे मिरवणुकीसारखे चाललेलो बघून विठाबाई पदराआड हसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मेच्या मध्यावर वळीव आला. दुपारी ऊन होतं, आणि एकदम ढग भरून, वारा सुटून, टपोऱ्या गारांसकट कोसळायला लागला. दर वळवाला आमच्या दुकानात गटाराचं पाणी शिरायचं. सवयीने मी दुधाचे क्रेट उचलायला धावले. प्रसेनजीत भिजत आत आला.

"राहू द्या. नका उचलू."

"भिजेल सगळं."

"पाच मिनिटं थांबा. माझ्यासाठी."

आम्ही दारात उभे राहिलो. पाणी रस्त्यावरून आलं, कडेला गेलं, गटाराच्या जाळीपाशी गोल फिरलं... आणि आत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. उंबऱ्यापर्यंत एक थेंबही पोचला नाही. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद. एवढं मोठं काम केलेला माणूस, आणि पाणी जाताना बघून लहान पोरासारखा हरखलेला. मला वाटलं, आत्ता हा काहीतरी बोलेल. त्यालाही वाटत असावं. त्याचा हात चौकटीवर माझ्या हाताच्या अगदी जवळ होता.

"क्रांती..." तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव.

"हं?"

"काही नाही. जाळीत पाला अडकलाय. काढून येतो."

आणि गेला. पाऊस थांबेपर्यंत तो जाळीपाशी वाकून उभा होता. शेजारच्या दुकानातून सयाजी काका आम्हा दोघांकडे बघत होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक धुतल्यासारखा स्वच्छ होता. मी हिशोबात होते, तेवढ्यात आण्णांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"काठी दे."

मी काठी दिली. ते उठले, दाराशी आले. उताराकडे बराच वेळ बघितलं. मग काठी काखेत मारून डाव्या हाताने कठडा धरला आणि निघाले. मी मागे जायला लागले, तर म्हणाले, "तू दुकान बघ."

ते एकटे उतरले. फुटपाथवर आले. काठी, पाय, ओढलेला पाय. बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. रिक्षावाल्यांनी बोलणं थांबवलं. कुणी मदतीला पुढे झालं नाही, सगळ्यांना कसं कोण जाणे कळलं होतं. टाकीच्या भिंतीपाशी नव्या ओट्यावर विठाबाई मेथीच्या जुड्या लावत होती. आण्णा तिच्यासमोर जाऊन थांबले.

"मेथी ताजी हाय का?"

विठाबाईने वर बघितलं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि दोन जुड्या पुढे केल्या.

परत येताना आण्णा फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या प्रसेनजीतपाशी थांबले. त्याने नेहमीसारखा नमस्कार केला. आण्णांनी डावा हात कपाळापर्यंत नेला. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी सयाजी काका घरी आले. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं.

"आण्णा, पोरीकडं ध्यान हाय का तुझं? त्या इंजिनेराबर काय चाललंय, सगळा चौक बघायलाय. तो कोण हाय ते म्हाईत हाय न्हवं? बौद्ध हाय. आपल्या घरात पाऊल टाकणार उद्या. तुझ्या त्या कट्ट्यावर आज्याच्या वेळेला कोण चढत हुतं आन् कोण न्हाय, इसरलास?"

आण्णा म्हणाले, "कट्टाच न्हाय आता, सयाजी."

काका चपला घालून निघून गेले. मी बाहेर आले. आण्णांनी मला समोर बसवलं.

"तुझ्या मनात हाय?"

"हाय."

"आन् त्याच्या?"

"त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

आण्णा काठी टेकत झोपायला गेले.

जूनच्या सुरुवातीला काम संपलं. दिवे लागले, रिक्षा थांब्यावर पत्रा आला, शाळेसमोर पांढरे पट्टे आले. आणि प्रसेनजीत पेढे घेऊन आला. राज्याच्या बांधकाम खात्याची परीक्षा तो पास झाला होता. नेमणूक गडहिंग्लजला.

"छान झालं," मी म्हणाले. आवाज सरळ ठेवायला मला फार कष्ट पडले.

"हो." तो पेढ्याचा पुडा दोन्ही हातांत धरून उभा होता. "क्रांती, मला बरंच बोलायचं होतं. पण तुमच्या काकांनी मला गाठलं होतं. वाईट नाही बोलले, पण... मला कळलं. आण्णा आत्ता कुठे चालायला लागलेत. त्यांच्या घरात मी भांडण लावून जाणं मला बरोबर वाटत नाही."

"आणि मला काय वाटतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. इतके महिने मी ते डोळे हसताना पाहिले होते. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"ते विचारलं तर माझा पाय निघणार नाही," तो म्हणाला, आणि गेला. नव्या फुटपाथवरून, टाकीपर्यंत, मग वळून दिसेनासा.

मी आठवडाभर दुकान चालवलं. ताक कुणी नावाजलं नाही. एका रविवारी पहाटे आण्णा अंघोळ करून, धुतलेला सदरा आणि टोपी घालून माझ्या खोलीच्या दारात उभे.

"ऊठ. मलकापूरला जायचंय. पोरगा रविवारचा घरी असतोय म्हणं. विठाबाईला पत्ता देऊन गेलाय."

"आण्णा, एसटीनं? तुम्हाला जमेल?"

"चढताना धर. उतरताना बी धर. बाकीचं मी बघतो."

रत्नागिरीच्या गाडीत खिडकीपाशी बसून ते सगळी वाट बाहेर बघत होते. मलकापूर स्टँडवरून रिक्षाने बुद्धविहाराजवळच्या गल्लीत गेलो. शेवटच्या घरी दारात एक उंच, सावळी बाई तांदूळ निवडत होती. प्रसेनजीतची आई, शालन. नाक तेच, कपाळावरची आठीसुद्धा तीच.

प्रसेनजीत बाजाराला गेला होता. तिने आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. आण्णा तांब्या उचलून पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले. "मी धोंडीराम चौगुले. माझी पोरगी तुमच्या घरात द्यावी म्हणतो. तुमची मर्जी असंल तर."

शालनकाकू शांतपणे म्हणाल्या, "पावणं, तुम्ही आलासा, बरं वाटलं. पर मी माझ्या पोराला मान खाली घालायला शिकवलं न्हाई. तुमच्या भावकीत त्याला कोण कमी लेखणार असंल, सणासुदीला बाहेर बसवणार असंल, तर मला ही सोयरीक नको. पोरगी कितीबी गुणाची असू दे."

"भावकीचं मी सांगू शकत न्हाय," आण्णा म्हणाले. "ते काय करतील ते त्यांचं. माझ्या घरात तो माझ्या शेजारी बसंल. एवढं मी सांगतो, आन् एवढंच माझ्या हातात हाय."

शालनकाकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. "आन् तू गं? माझा पोरगा उन्हातान्हात रस्त्यावर असतोय. घरी येतोय ते धुळीनं भरून. जमंल तुला?"

"धुळीनं भरलेलाच बघितलाय मी, काकू. स्वच्छ कसा दिसतो तेच माहीत नाही."

त्या हसल्या, आणि मला वाटलं आता श्वास घ्यायला हरकत नाही.

"तो येतोय बघ," त्या खिडकीतून बघत म्हणाल्या. "जा बाहेर. आधी तुमचं तुम्ही बोला. मी ताटं घेतो."

मी बाहेर गेले. प्रसेनजीत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गल्लीत वळला, मला बघून जागच्या जागी थांबला. एका पिशवीतून कांदे घरंगळले तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही... इथे कशा?"

"आण्णांना फिरायला आणलं."

"मलकापूरला?"

"ते आता बरंच लांब चालतात."

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. पिशव्या खाली ठेवल्या, आणि बोलायला लागला, भरभर, अडखळत. "मी रोज... गडहिंग्लजला काय करतोय हेच कळत नव्हतं. दुपार झाली की पाय डेअरीकडे वळायचे, आणि तिथे डेअरीच नाही... क्रांती, मी त्या दिवशी पावसात बोलणार होतो. जाळीत पाला नव्हता. एक पानही नव्हतं."

"माहीत आहे. मी नंतर जाऊन बघितलं."

"मग आज बोलतो. मला तू आवडतेस. ती बादली ओतलीस तेव्हापासून."

"मग लग्न करतोस का?" एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

"करतो," तो म्हणाला. मग खाली वाकून कांदे गोळा करायला लागला, आणि मीही वाकले. त्याचा हात माझ्या हातावर आला. या वेळी तो मध्ये थांबला नाही.

"काय म्हणतोय गं?" आतून शालनकाकूंचा आवाज आला.

"हो म्हणतोय."

"मग आत या दोघं. गार व्हायलाय सगळं."

आम्ही आत गेलो. आण्णा आधीच ताटावर बसले होते, आणि डाव्या हाताने भाकरी मोडून शालनकाकूंकडे आणखी थोडी आमटी मागत होते.